म्हातारपणचा कॅमेरा

म्हातारपणीं घेतलेल्या वस्तूची किंमत दोनदां मोजावी लागते; एकदां विकणाराला पैशांत, व दुसऱ्यांदा घरच्या मंडळींना कारणांत. पैसे दिले म्हणजे पहिली देवघेव संपते. कारणांचे हप्ते मात्र वर्षभर चालूं राहतात. पंचा, छत्री, चष्मा किंवा पोथी घेतली तर कोणी कांहीं विचारीत नाहीं. परंतु अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त शाळामास्तरानें, एका डोळ्याच्या मोतीबिंदूचें शस्त्रकर्म झालेलें व दुसऱ्याचें व्हावयाचें असतांना, छत्तीस चित्रांचा रोल घालावा लागणारा जुना कॅमेरा घरीं आणला, तर त्याला कारण विचारण्याचा हक्क घरांतील दहाहि माणसांना आहे, हें मला मान्य आहे. हा लेख म्हणजे त्या कारणांचाच एक हप्ता समजावा.

आमचें घर नाशिकजवळ एकलहरे येथें. वीज-केंद्राच्या धुराड्यांमुळें हें गांव दुरूनच ओळखूं येतें. १९७० सालीं येथें १४० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. त्याच सुमारास माझे थोरले बंधु केंद्रांत नोकरीस लागले आणि तेरा वर्षांचा मी शिक्षणासाठीं त्यांच्या बिऱ्हाडीं आलों. येथूनच मी मॅट्रिक झालों, संस्कृत शिकलों, व पुढें जन्मभर शिकवीत राहिलों. केंद्रांत मागाहून २१० मेगावॅटचे तीन संच आले. पहिले दोन थकले व कायमचे बंद झाले. दादाहि निवृत्त झाले व दहा वर्षांपूर्वीं गेले. आतां घरांत ब्याऐंशी वर्षांच्या वहिनी, आम्ही उभयतां, पुतण्या, मुलगा, दोन सुना व चार नातवंडें असा अकरा जणांचा संसार आहे.

गेल्या दिवाळींत मुलाचा फोन एकाएकीं बंद पडला व त्यांतील तीन वर्षांचीं चित्रें त्याच्याबरोबर गेलीं. एक बारसें, एक मुंज, एक लग्न, सारें गेलें. हळहळ ओसरल्यावर वहिनींनीं कपाटांतून दादांच्या वेळचा, काळ्या जाड पानांचा अल्बम बाहेर काढला. पन्नास-साठ वर्षांचीं चित्रें त्यांत जशींच्या तशीं होतीं. मास्तरकी हाडांत मुरलेली असल्यामुळें मीं तीं मोजलीं. चारशें बारा भरलीं. दादा, मी, मुलें, पाहुणे पानोपानीं होतों. वहिनी सात ठिकाणीं आढळल्या. त्यांतील एक लग्नाचें समूहचित्र, त्यांत मुख मुंडावळ्यांआड गेलेलें. तीन चित्रांत त्या पंगतींत वाढीत असल्यामुळें पाठमोऱ्या. उरलेल्या तिहींत कोणाचें तरी मूल सांवरीत कडेला उभ्या, म्हणून हललेल्या व अस्पष्ट. पुरता चेहरा एकाहि चित्रांत नाहीं.

यांत कोणा एकाचा दोष काढतां यावयाचा नाहीं. ज्याच्या हातीं कॅमेरा तो समारंभाचें चित्र घेई, आणि समारंभ चालविणारें माणूस समारंभांत दिसत नसतें. नातवंडांनीं मग आपापल्या फोनांत शोध घेतला. तेथें हजारों चित्रें निघालीं. वहिनींच्या थालीपिठाचीं सोळा निघालीं. थालीपीठ लावणारी नीट कोठेंच दिसेना. रोल महाग होता तेव्हां तो समारंभांवर संपला, व चित्र फुकट झालें तेव्हां तें ताटावर संपूं लागलें, एवढाच दोन पिढ्यांतला फरक.

तेव्हां मीं असा संकल्प केला कीं, छत्तीस चित्रांचा एक अख्खा रोल एकट्या वहिनींसाठीं राखावयाचा. त्यांतून एक चांगलें चित्र कागदावर उतरवावयाचें. आणि तें त्या असतांना. ‘हें काम फोननें झालें नसतें काय?’ असें मुलानें विचारलें. झालें असतें. परंतु छत्तीसच चित्रें घ्यावयाचीं व तीं एकाच माणसाचीं, ही शिस्त फोन लावून देत नाहीं. शिवाय रोल धुतल्यावर हाताशीं राहणारी नेगेटिव्हची पट्टी कपाटांत ठेवतां येते, दिव्यासमोर धरली कीं कोणत्याहि यंत्रावांचून वाचतां येते, व नातवाच्या हवालीं करतां येते.

अडचण होती ती डोळ्यांची. जुन्या कॅमेऱ्यांत भिंग हातानें फिरवून चित्र स्पष्ट करावें लागतें, आणि धूसर काय व स्पष्ट काय हेंच मला हल्लीं नीट उमगत नाहीं. म्हणून फिल्मचा, परंतु भिंग आपण होऊन जुळविणारा असा कॅमेरा मला हवा होता. हें ‘ऑटोफोकस’ प्रकरण तसें फार जुनें नव्हे. १९७७ सालीं कोनिका कंपनीनें तशी सोय असलेला लहान कॅमेरा बाजारांत आणला. भिंग बदलतां येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत, आंतच मोटर बसवून, ही विद्या खऱ्या अर्थानें रुळविली ती मिनोल्टानें १९८५ सालच्या ७००० या नमुन्यांत. त्यानंतर सर्वच कंपन्यांची धांदल उडाली. कॅननने १९८७ सालीं जुनें भिंग-जोडणीचें कडें टाकून देऊन सर्वस्वी नवें कडें आणलें. त्यामुळें जुन्या भिंगांना नव्या घरांत जागा उरली नाहीं. निकॉननें १९५९ सालचें आपलें कडें कायम ठेवलें व त्याच उंबऱ्यांतून नव्या विद्येला आंत घेतलें. १९८८ सालीं आलेला, वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठीं घडविलेला त्यांचा एफ-४ हा कॅमेरा नवीं भिंगें स्वतः जुळवितो, आणि तीस वर्षांपूर्वींचीं बहुतेक भिंगेंहि आनंदानें अंगावर वागवितो. वेगाच्या बाबतींत कॅननचा मार्ग पुढें अधिक लाभाचा ठरला, हें खरें. पण एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला निकॉनची रीत मानवली तर नवल नाहीं.

प्रथम मी मुंबईस बोरा बाजारांत गेलों. तेथें एका दुकानांत मला दाखविलेला कॅमेरा बाहेरून नव्यासारखा झळकत होता. परंतु भिंगांतून दिव्याकडे पाहतांच आंत कोळिष्टकासारखी बुरशी दिसली. दुकानदार म्हणाला कीं, चित्रांत ती उमटत नाहीं. मीं नमस्कार केला व परत आलों. अखेर नाशिकांतच एका निवृत्त वृत्तपत्र-छायाचित्रकारांकडे माझें काम झालें. २००३ च्या सिंहस्थाची गर्दी त्यांनीं याच कॅमेऱ्यानें टिपलेली. कोपरे झिजून काळ्या रंगाखालची धातु दिसूं लागली होती. जुनी वस्तु कशी पारखावी हें त्यांनींच शिकविलें: सेलच्या कप्प्यांत हिरवट गंज आहे काय, पाहण्याच्या खिडकींतील आंकड्यांच्या पट्टींत शाईसारखा काळा डाग पसरला आहे काय, कारण हा या नमुन्याचा नेहमींचा आजार, मागचें झांकण उघडून वेगवेगळ्या गतींत पडदा नीट उघडझांप करतो काय, आणि भिंगांत बुरशी. एफ मालिकेंतील शेवटचा फिल्म-कॅमेरा, एफ-६, हाहि २०२० सालीं बंद झाला. तेव्हां सुटे भाग जुन्यांतूनच मिळवावे लागतात. ८५ मिलिमीटरच्या भिंगासह मला तो माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून थोड्या कमींत पडला. देतांना त्यांनीं तो एकदां पुसला, पुन्हां पुसला, आणि म्हणाले, “मास्तर, कपाटांत ठेवूं नका, वापरा. न वापरल्यानें हीं यंत्रें मरतात.”

घरीं त्याचें स्वागत झालें तें वजनावरून. सहा पेन्सिल सेल घालण्यापूर्वींच तो सव्वा किलोहून जड. धाकट्या सुनेनें उचलून पाहून त्याला ‘वरवंटा’ हें नांव दिलें व तें कायम झालें. पण हाताळण्यास तो मला सोपा वाटला. त्याच्यावर फोनसारख्या याद्या उघडत नाहींत. गतीची चकती, प्रकाशाची चकती, प्रत्येक गोष्टीला आपापली खुंटी, आंकडे डोळ्यांपुढें. चष्मेवाल्यांसाठीं खिडकीशेजारीं दृष्टि जुळविण्याची एक लहानशी कळ आहे. आणि मला सर्वांत उपकारक वाटला तो खिडकीच्या तळाशीं उजळणारा हिरवा ठिपका. भिंग अलीकडे चुकलें कीं एका बाजूचा बाण, पलीकडे चुकलें कीं दुसऱ्या बाजूचा, आणि बरोबर आलें कीं ठिपका. ज्याला स्वतःच्या डोळ्याची साक्ष पुरत नाहीं, त्याला हा साक्षीदार मोठाच आधार आहे.

हें घडतें कसें, हें नातवाला समजावून देतां देतां मीहि शिकलों. कॅमेऱ्याच्या पोटांत तिरपा आरसा असतो. त्याचा मधला भाग अर्धवट पारदर्शक. त्यांतून गेलेला थोडा प्रकाश मागच्या दुसऱ्या लहान आरशावर आपटून तळाशीं उतरतो. तेथें भिंगाच्या उजव्या व डाव्या भागांतून आलेल्या किरणांच्या दोन प्रतिमा शेजारीं शेजारीं पडतात. त्यांच्यांतील अंतर ठरल्याइतकें असेल तर चित्र स्पष्ट. कमीअधिक असेल तर भिंग कोणत्या बाजूस व किती फिरवावें याचा हिशेब लगेच निघतो, व मोटर एका बारीक स्क्रूच्या दांडीनें तें फिरविते. पण द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत हा शिष्य नापास झाला असता. त्याला ना झाड दिसतें, ना पक्षी, ना पक्ष्याचा डोळा. मध्यभागीं दोनशे प्रकाशग्राहकांची एकच आडवी ओळ. तिला उभ्या रेषा व उभ्या कडा तेवढ्या समजतात. कोऱ्या भिंतीवर किंवा धुराड्यांतून निघणाऱ्या धुरावर तो रोखला तर भिंग घूं घूं करीत मागेंपुढें फिरत राहतें. आडव्या काठांचें लुगडें समोर आलें तरी तीच गत. तेव्हां कॅमेराच उभा धरावा लागतो, म्हणजे आडव्याचें उभें होतें.

खर्चाचाहि हिशेब सांगितला पाहिजे. रोल व तो धुण्याची मजुरी धरून एका चित्राला चाळीसेक रुपये सहज पडतात. सहा सेल घातलेला हा कॅमेरा सेकंदाला पांचांहून अधिक चित्रें घेऊं शकतो. म्हणजे बोट दाबून धरलें तर छत्तीस चित्रांचा रोल सातव्या सेकंदाला खलास. धांवपटू टिपणाराला तें भूषण. पेन्शनरानें चकती ‘एकेक’ या खुणेवर लावावी हें उत्तम. एकेकावर लावल्यापासून माझ्या ध्यानांत आलें कीं, चित्र घेण्यापेक्षां न घेण्यांतच दिवसाचा अधिक वेळ जातो, आणि त्या वेळांत माणूस नीट पाहूं लागतो.

नाशिककराला कॅमेऱ्याची गोष्ट दादासाहेब फाळक्यांवांचून पुरी करतां येत नाहीं. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या या पुरुषानें चित्रपटाचा ध्यास घेतला तेव्हां डोळ्यांवर इतका ताण पडला कीं, कांहीं काळ त्यांची दृष्टि जवळजवळ गेली होती. बरे झाल्यावर त्यांनीं विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ सालीं लंडन गांठलें व विल्यमसन कॅमेरा आणला. त्या कॅमेऱ्यानें प्रथम काय टिपलें? कुंडींत पेरलेल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ. मग ‘राजा हरिश्चंद्र’. ३ मे १९१३ रोजीं तो मुंबईस लोकांपुढें आला. त्यासाठीं आलेल्या कोऱ्या फिल्मला कडेनें भोकें पाडावीं लागत. तें काम अंधारांत बसून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत, आणि चित्रपटाच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकहि त्यांच्याकडेच असे. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकांतच वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं त्यांचें स्मारक आहे. तेथें गेलें म्हणजे मला हटकून सरस्वतीबाईंची आठवण होते. ज्यांच्या हातांनीं फिल्म चालती झाली त्या फिल्मवर नाहींत.

रोल धुण्याचें काम मीं घरींच करावयाचें ठरविलें. कृष्णधवल फिल्मला तें फारसें अवघड नाहीं. कोडॅकचा डी-७६ हा जुना काढा प्रसिद्ध आहे: एक लिटर पाण्यांत दोन ग्रॅम मेटॉल, शंभर ग्रॅम सोडियम सल्फाइट, पांच ग्रॅम हायड्रोक्विनोन व दोन ग्रॅम टांकणखार. मेटॉलनें कित्येकांच्या कातडीस खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावे. पाणी वीस अंशांचें हवें. मार्गशीर्षांत नाशिकच्या नळाला तें बहुधा आपोआप मिळतें. वैशाखांत बर्फाची मदत घ्यावी लागते. मग हायपोच्या पाण्यांत फिल्म पक्की करावयाची व पुष्कळ धुवावयाची. थोरल्या सुनेनें एकच नियम घालून दिला कीं, स्वयंपाकघरांतील एकहि भांडें या कामीं येतां कामा नये. तो योग्यच आहे, कारण हे पदार्थ पोटांत जाण्याजोगे नव्हेत. एकलहऱ्याची म्हणून एक वेगळी अडचण आहे ती राखेची. दगडी कोळशाची उडती राख वाऱ्यावर आली कीं ओल्या फिल्मला चिकटते. आणि रोल भरतांना तिचा एखादा कण कॅमेऱ्यांत शिरला तर तो सबंध रोलवर एक लांब ओरखडा ओढून ठेवतो. म्हणून खिडक्या लावून, न्हाणीघरांत आधीं गरम पाण्याची वाफ करून धूळ खालीं बसवावयाची, व मगच फिल्म दोरीवर टांगावयाची.

पहिले दोन रोल हात बसविण्यांत गेले. तिसरा वहिनींचा. त्या राजी होईनात. “माझा कशाला फोटो, भाऊजी? मुलांचा काढा.” मग जरा थांबून म्हणाल्या, “बरं, काढा. भिंतीवर लावायला पुढें-मागें लागेलच.” हें त्या अगदीं सहज बोलल्या, वाण्याची यादी सांगावी तसें. मला मात्र त्यावर कांहीं बोलवेना. ज्या बाईनें मला तेराव्या वर्षापासून वाढून घातलें, तिचा चेहरा घराला प्रथम दिसावयाचा तो हार घातलेला, ही कल्पनाच मला सोसेना.

चार दिवस मी रोज सकाळीं तासभर माजघरांत बसूं लागलों. पहिल्या दिवशीं त्या नवें लुगडें नेसून ताठ बसल्या. मीं दोन चित्रें घेतलीं व कॅमेरा बाजूला ठेवला. तिसऱ्या दिवशीं त्या मला विसरल्या. खिडकीशीं बसून सुपांत तांदूळ निवडीत होत्या. डावीकडून उजेड येत होता. मीं कॅमेरा उचलला. मध्याची खूण पदरावर पडली. फिक्या, कोऱ्या पदरावर भिंगाला कांहींच सांपडेना. तें घूं घूं करीत आंतबाहेर करूं लागलें. वहिनींनीं मान वर केली व हंसून म्हणाल्या, “तुमच्या यंत्रालासुद्धां मी सांपडत नाहीं वाटतं!” मीं खूण त्यांच्या चष्म्याच्या उभ्या कडेवर आणली. हिरवा ठिपका लागला. हंसूं अजून पुरतें मावळलें नव्हतें.

‘फोकस’ हा शब्द मूळ लॅटिन. त्या भाषेंत त्याचा अर्थ चूल. केप्लरनें १६०४ सालीं किरणांच्या मीलनबिंदूला तें नांव दिलें, कारण भिंगानें उन्हाचे किरण जेथें एकवटतात तेथें जाळ होतो. शब्दांच्या व्युत्पत्ति सांगण्यांत माझें आयुष्य गेलें, पण इतकी नेमकी क्वचितच भेटली. आमच्या घराचे सारे किरण जेथें एकवटत आले ती जागाच चूल, आणि तिच्यापुढें बसलेली व्यक्ति तेवढी साठ वर्षें फोकसबाहेर. यंत्र भिंग जुळवून देईल. तें कोणाकडे रोखावें हें त्याला समजत नाहीं. रोखणारा हात आपलाच लागतो.

त्या रोलांतील छत्तिसांपैकीं नऊ चित्रें चांगलीं आलीं, आणि तें चष्म्याचें सर्वांत. नाशिकरोडच्या एका स्टुडिओंतून त्याची दहा बाय बाराची कॉपी करून घेतली. मागें मऊ पेन्सिलीनें वहिनींचें पूर्ण नांव, वय, गांव व तारीख लिहिली; शाईचा पेन वापरला तर खूण पुढें उमटते. दादांच्या तसबिरीच्या भिंतीवर तें न लावतां स्वयंपाकघराच्या दारासमोर लावलें. वहिनींनीं तें बराच वेळ पाहिलें. “म्हातारी बरी दिसते,” एवढेंच म्हणाल्या, आणि दूध उतूं जाईल म्हणून आंत गेल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं धाकट्या सुनेला विचारलें कीं, भाऊजींच्या त्या वरवंट्यानें तुझा फोटो काढला कीं नाहीं. चौथा रोल आतां त्यासाठीं घातला आहे.

ज्या वाचकांच्या कपाटांत असा एखादा कॅमेरा पडून असेल त्यांनीं सेल घालून तो चालवून पाहावा. नसेल त्यांनीं हातांतला फोन घ्यावा, मात्र चित्र कागदावर उतरवावें. परंतु त्याच्याहि आधीं घरांतला जुना अल्बम काढून एकदां मोजदाद करावी. कोण किती वेळां आहे याची यादी केली म्हणजे पहिला रोल कोणासाठीं, हें कोणाला विचारावें लागत नाहीं.